आरव्हीतून मिडवेस्टच्या छंदजत्रा: मुक्काम मैदानातच हवा

सुईदोरा (नेपरव्हिल, इलिनॉय)

निवृत्तीनंतरच्या उद्योगांच्या धाग्यावर मी दोन ओळी लिहिल्या होत्या. आम्ही नवराबायको मे ते सप्टेंबर आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) घेऊन ओहायो, मिशिगन, इंडियाना, विस्कॉन्सिनच्या खेड्यापाड्यांत छंदजत्रांना जातो आणि ब्लॉक प्रिंटचं, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेलं, कापड विकतो. त्यावर विचारपूशीत बरेच प्रश्न आले. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहिते, म्हणजे बाकीच्या अनुभवी मंडळींनाही भर घालता येईल.

आधी माल. राजस्थानातल्या बगरू, सांगानेरचं आणि कच्छमधल्या अजरखपूरचं सुती कापड, आणि सोबत गोधडीचे संच: वरचं कापड, अस्तर, जाड दोरा, लांब सुई, टाक्यांचा कागद. गिऱ्हाईक म्हणजे क्विल्ट, म्हणजे इथल्या गोधड्या, शिवणाऱ्या बायका. पुरुषही असतात, आणि ते फार चोखंदळ असतात. कापड वारावर देतो किंवा १८ बाय २२ इंचांच्या तुकड्यांत, ज्यांना इथे फॅट क्वार्टर म्हणतात. सगळ्यात जास्त खप तुकड्यांचा.

या जत्रा शहरातल्या हॉटेलांच्या हॉलमध्ये नसतात. मिडवेस्टात जवळपास प्रत्येक कौंटीचं (म्हणजे इथल्या जिल्ह्याचं) स्वतःचं जत्रेचं मैदान असतं. जनावरांचे गोठे, शर्यतीचा मातीचा ट्रॅक, बसायला पायऱ्या, फोर-एचच्या मुलांचं सभागृह. फोर-एच ही शेतकरी मुलांची चळवळ ओहायोतल्या क्लार्क कौंटीत १९०२ साली ए. बी. ग्रॅहम नावाच्या शिक्षकाने सुरू केली, आणि आजही या मैदानांचा जीव तीच आहे. कौंटीची जत्रा आठवडाभर चालते, बाकीच्या दिवसांत मैदान भाड्याने देतात. मग कुठे लोकरीची जत्रा, कुठे जुने ट्रॅक्टर, कुठे रेडिओ. मेअखेरीस, मेमोरियल डेच्या सुमारास, ओहायोत वूस्टरला, ऑगस्टात मिशिगनमध्ये ॲलेगनला आणि सप्टेंबरात विस्कॉन्सिनमध्ये जेफर्सनला लोकरीच्या मोठ्या जत्रा भरतात. सगळ्याच लोकरजत्रा सुती कापड घेत नाहीत, नैसर्गिक रंगाचं असेल तर विचार करतात. अर्ज भरण्याआधी विचारून घ्यावं. अर्ज हिवाळ्यातच निघतात आणि जागा लवकर भरतात.

आता मुद्द्याचं. आरव्ही घेणारे बहुतेक लोक मोटेलचे पैसे वाचतील असा हिशेब करतात. तो हिशेब फार काळ टिकत नाही. आरव्हीचा खरा उपयोग एकच: संध्याकाळी जत्रा बंद झाल्यावर तुम्ही मैदानातच असता. पाच वाजता दारं लागतात, गिऱ्हाईक जातं, आणि मग खरा व्यापार सुरू होतो. खुर्च्या बाहेर येतात. शेजारच्या स्टॉलवालीकडून कळतं की अमुक जत्रेचे आयोजक बदललेत, तमुक ठिकाणी यंदा गर्दी नाही, आणि अमक्या गावच्या क्विल्ट गिल्डला, म्हणजे क्विल्टवाल्यांच्या मंडळाला, हिवाळ्यात व्याख्यानासाठी कुणीतरी हवंय. आम्हाला गोधडीवरच्या कार्यक्रमांची जवळजवळ सगळी आमंत्रणं अशाच संध्याकाळी मिळाली. गिल्ड मानधन देतात, वर तिथे कापडही खपतं, आणि तेही फेब्रुवारीत, जेव्हा एकही जत्रा नसते. म्हणून माझं सांगणं असं की जत्रा निवडताना ती किती मोठी आहे हे नंतर बघा. विक्रेत्यांना मैदानात राहू देतात का, हे आधी बघा.

गिऱ्हाईक कसं कापड बघतं तेही सांगते, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. आयुष्यभर क्विल्ट शिवलेली बाई नक्षी आधी बघत नाही. ती कापड उलटं करते. रंग मागे किती उतरलाय ते बघते, मग दोन बोटांत धरून तिरकं ताणते, उजेडासमोर धरते. मग पर्समधून पांढरा रुमाल काढून तो ओला करते आणि निळीच्या कापडावर दाबून धरते. रुमालाला रंग लागला की ती शांतपणे घडी घालून कापड जागेवर ठेवते आणि पुढच्या स्टॉलला जाते. काही बोलणार नाही, घासाघीस करणार नाही. म्हणून आम्ही सगळा माल धुऊन, आटवून, इस्त्री करून आणतो आणि तसं चिठ्ठीवर लिहितो. इथल्या दुकानांतलं कापड सहसा न धुतलेलं असतं, त्यामुळे ही चिठ्ठी वाचून लोक थांबतात. आणि स्टॉलवर एक पांढरं ओलं फडकं कायम ठेवलेलं असतं. माझ्या हाताने दाबून दाखवते. दोन ठशांच्या मधली किंचित सरकलेली रेघ बघून कुणी विचारतं, हा दोष आहे का? तेव्हा लाकडी ठसा हातात देते. तो एकदा हातात घेतला की पुढे समजावून सांगावं लागत नाही.

गाडीबद्दल थोडक्यात. आमची क्लास सी आहे, म्हणजे फोर्ड ई-४५० या व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली आरव्ही. या गाड्यांतल्या बहुतांश इंडियानातल्या एल्कहार्ट भागात बनतात, त्यामुळे दुरुस्तीचं कुठेही अडत नाही. वजन मात्र फार सांभाळावं लागतं. क्विल्टचं शंभर वार कापड साधारण पंधरा किलो भरतं. त्यात कॅनपी (स्टॉलवरचं तंबूसारखं छत), टेबलं, स्टँड. शिवाय पाणी: ४० गॅलनची टाकी भरली तर दीडशे किलो नुसतं पाणीच. मैदानात नळ असतो, तर टाकी जवळजवळ रिकामी ठेवून निघावं आणि ते वजन कापडाला द्यावं. दाराच्या आत एक चिकटपट्टी असते, गाडी किती ओझं वाहू शकते त्याची. विकत घेण्याआधी ती वाचा. मोठ्या दिसणाऱ्या काही गाड्यांत ते ओझं आश्चर्य वाटावं इतकं कमी असतं.

आणि स्वयंपाक. कापड विकायचं असेल तर आरव्हीच्या आत फोडणी करायची नाही. हिंग-मोहरी-कांद्याचा वास सुती कापडात बसतो आणि धुतल्याशिवाय जात नाही. आम्ही प्रोपेनची शेगडी बाहेर मांडतो. तिथे फोडणी तडतडली की शेजारीपाजारी ताट घेऊन येतात, हा वेगळाच फायदा. ऑगस्टात रस्त्याकडेला शेतकरी कणसं विकायला ठेवतात. त्याचा मक्याचा कीस आमच्या शेजारच्या मेंढीवाल्यांना इतका आवडला की आता तेच कणसं आणून देतात.

विचारा.

---

कापूसकोंड्या (कोलंबस, ओहायो)

जबरदस्त धागा. वाचनखूण साठवली आहे. बायको साबण आणि मेणबत्त्या करते, तिला दाखवतो. दोन प्रश्न: विक्रीकराचं काय करता? आणि पैसे कसे घेता, गावांत नेटवर्क असतं का?

---

सुईदोरा

ओहायोतच आहात तर तुमचं सोपं आहे. फिरत्या विक्रेत्याचा परवाना काढा, तो राज्यभर चालतो. कर मात्र जिथे विक्री झाली त्या कौंटीच्या दराने लावायचा: राज्याचे ५.७५ टक्के आणि वर कौंटीचे. इंडियाना सगळीकडे सरसकट ७, मिशिगन ६. विस्कॉन्सिनात राज्याचे ५ आणि बहुतेक कौंट्यांत वर अर्धा टक्का. विस्कॉन्सिनात आयोजकच विक्रेत्यांची यादी सरकारला देतात, तेव्हा नोंदणी आधीच असावी. कर किमतीत धरून गोल आकडा ठेवला तर सुट्ट्या पैशांची कटकट वाचते, पण तसं पाटीवर स्पष्ट लिहा.

पैसे: कार्डाचं यंत्र ऑफलाइन चालेल असं ठरवून ठेवायचं, नेटवर्क आलं की व्यवहार पुढे जातात. रोख भरपूर. आणि चेक! साठीपुढच्या बायका आजही चेकबुक घेऊन येतात. मी बिनधास्त घेते. आमिश (आधुनिक यंत्रांपासून लांब राहणारा ख्रिस्ती पंथ) गिऱ्हाईक रोख देतं किंवा चेक. इंडियानात शिपशेवानाच्या भागात गेलात तर त्यांचे फोटो काढू नका, आणि रस्त्यावर घोडागाडी पुढे असली तर हॉर्न वाजवू नका, मागे अंतर ठेवून सावकाश जा.

---

प्रेअरीवाला (डे मॉइन, आयोवा)

सुईदोरा ताई, लेख आवडला, पण आरव्हीच्या मुद्द्यावर मी सहमत नाही. मी हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी बिनतारी संचांचे, जुने सुटे भाग विकतो. साधी कार्गो व्हॅन आहे. तुमची ई-४५० गॅलनला आठ-नऊ मैल देत असेल, माझी व्हॅन त्याच्या दुप्पट देते. वर आरव्हीचा विमा, हिवाळ्यात ठेवायचं भाडं, पाइप गोठू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरणं, टायर न झिजताही जुने झाले म्हणून बदलणं. या सगळ्यात मोटेलच्या किती रात्री निघतील! माणूस थकून येतो, त्याला गरम पाण्याची आंघोळ आणि सपाट पलंग हवा असतो.

---

सुईदोरा

तुमचा एकही आकडा मी खोडत नाही. फक्त पैशांचा हिशेब मांडला तर व्हॅन जिंकते, तसं मी वर लिहिलंच आहे. पण तुम्ही ज्या मोटेलात झोपता ते मैदानापासून किती लांब असतं? आयोवात, विस्कॉन्सिनात ही मैदानं गावाबाहेर, आणि जवळचं बरं मोटेल हायवेच्या फाट्यावर. साडेपाचला तुम्ही निघालात की जत्रेतून बाहेर पडलात. पहाटेचंही तेच. माझ्या मालाला दव लागतं. ऑगस्टात मक्याच्या पट्ट्यात सकाळी सगळं ओलं असतं, कॅनपीच्या आतून थेंब पडतात. मी सहाला उठून झाकणं बघते, ऊन वर आल्यावरच कापड उघडते. व्हॅनवाल्यांना ते येऊन करता येत नाही असं नाही, पण रोज कोण येतं?

आणि तुम्ही विकता ते लोखंड. कापडाचं आणि त्याचं गणित वेगळं असणारच.

---

प्रेअरीवाला

दवाचा मुद्दा मान्य. आणि संध्याकाळचाही अर्धा मान्य करतो, कारण आमच्या हॅमव्हेन्शनला मी तेच बघितलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओहायोत १९५२ पासून भरणारा हॅम रेडिओवाल्यांचा मेळा, मे महिन्यात. पूर्वी डेटनजवळच्या हारा अरेनात असायचा, २०१७ पासून झिनियाला ग्रीन कौंटीच्या मैदानात. मोकळ्या मैदानात जुना बाजार लागतो, आणि सौदे उजाडायच्या आधीच, हातात टॉर्च घेऊन होतात. दारं उघडेपर्यंत चांगले ट्रान्सफॉर्मर आणि व्हॅक्यूम ट्यूब गेलेल्या असतात. कोण घेतं? मैदानात असलेले दुसरे विक्रेतेच. त्या बाबतीत ताईंचं बरोबर आहे.

वजनाबद्दल एक भर. कागदावर बेरीज करू नका, भरलेली गाडी प्रत्यक्ष तोला. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल (गाड्या तोलायचे काटे) असतात, पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोलून कागद देतात. ही कंपनीही आमच्या आयोवातली, वॉलकॉटची. तिथेच आय-८० वर जगातला सगळ्यात मोठा ट्रक स्टॉप आहे. वाटेत असेल तर तिथेच तोला.

---

लाल_माती (शिकागो)

आम्हाला भाड्याच्या आरव्हीने एक उन्हाळा करून बघायचं आहे. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, मी त्याची बायको म्हणून एच-फोरवर. सासूबाई जूनमध्ये येतायत, त्या भरतकाम सुंदर करतात. तिघं मिळून स्टॉल लावू शकतो का?

---

सुईदोरा

ताई, स्पष्टच सांगते, कारण यात नंतर दुरुस्ती होत नाही. तुमच्याकडे एच-फोरचं कामाचं कार्ड, म्हणजे ईएडी असेल तरच तुम्ही विक्री करू शकता. नवऱ्याला एच-१बीवर त्याच्या कंपनीबाहेर हे काम चालत नाही. मदत म्हणून गल्ल्यावर बसणंही काम. सासूबाई पर्यटक व्हिसावर येणार असतील तर त्यांनाही स्टॉलवर बसवू नका. तिघं गिऱ्हाईक म्हणून या, जत्रा बघा, सासूबाईंना क्विल्टवाल्यांशी गप्पा मारू देत. त्यांना भाषेची अडचण येणार नाही, टाका दाखवला की दोन्हीकडून बोलणं सुरू होतं.

भाड्याच्या गाडीबद्दल: धंद्यासाठी वापरणार असाल तर करार आणि विमा दोन्ही नीट वाचा. घरगुती वापराच्या पॉलिसीत धंद्याचा वापर पुष्कळदा वगळलेला असतो. शिवाय जत्रावाले स्टॉलचा जबाबदारी विमा वेगळा मागतात, त्यात जत्रेचं नाव घालून घ्यावं लागतं.

---

रानमोगरा (मिनियापोलिस)

एकटी बाई हे करू शकते का? मला वादळाचीच भीती वाटते. बाकी कशाची नाही.

---

सुईदोरा

एकट्या फिरणाऱ्या कितीतरी बायका आमच्या ओळखीच्या आहेत, त्यातल्या काही सत्तरीच्या आहेत. मैदानात एकटेपणा वाटत नाही. पोचल्यावर गाडी सपाट करायला चार जण लाकडाचे ठोकळे घेऊन येतात.

वादळाची भीती मात्र रास्त आहे, आणि ती मोडून न काढता तयारीत घालावी. मिडवेस्टात इशारे कौंटीच्या नावाने येतात. घरी असताना आपल्याला आपली कौंटी माहीत असते, प्रवासात नसते. म्हणून मैदानात पोचलं की पहिलं काम: आपण आहोत त्या कौंटीचं आणि तिच्या पश्चिमेकडच्या दोन कौंट्यांचं नाव कागदावर लिहून दाराला चिकटवायचं. वादळं बहुतेक पश्चिमेकडून येतात. रेडिओवर नाव ऐकू आलं तर नकाशा शोधत बसावं लागत नाही. हवामान खात्याचा बॅटरीवरचा रेडिओ उशाशी ठेवा, फोनवर विसंबू नका.

दुसरं काम: पक्की इमारत कुठली ते दिवसाउजेडी बघून ठेवा. बहुतेक मैदानांत सिमेंटची न्हाणीघरं असतात, तीच आसरा. टॉर्नेडोचा इशारा आला तर आरव्हीत एक क्षणही थांबायचं नाही, माल जागेवर सोडून जायचं. १० ऑगस्ट २०२० ला आयोवात डेरेचो (सरळ रेषेत लांबवर जाणारं वादळ) आलं होतं, सीडर रॅपिड्सच्या बाजूला वाऱ्याचा वेग ताशी १४० मैलांपर्यंत गेल्याचा अंदाज आहे. अशा वाऱ्यापुढे गाडी म्हणजे पत्र्याचा डबा.

रोजच्या वाऱ्यासाठी: कॅनपीच्या प्रत्येक पायाला किमान १८ किलो वजन, पाइपात सिमेंट भरून केलेलं उत्तम. आणि आरव्हीच्या बाहेरचं कापडी छत झोपताना गुंडाळून ठेवायचं, आकाश कितीही निरभ्र असो. इलिनॉयमध्ये महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला वादळाच्या भोंग्यांची चाचणी असते, तेव्हा घाबरू नका.

---

कापूसकोंड्या

वीज किती लागते? आमच्या मनात छोटी ट्रेलर आहे.

---

प्रेअरीवाला

हे माझ्या प्रांतातलं, मी सांगतो. मैदानांत सहसा ३० अँपिअरचा खांब मिळतो, म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॉट. एकटा एसीच १३ ते १५ अँपिअर खातो, त्यात मायक्रोवेव्ह लावला तर काठावर येता, आणि इंडक्शनही लावलीत तर ब्रेकर पडलाच. ५० अँपिअरच्या खांबाला दोन तारा असतात, तिथे १२,००० वॉट मिळतात, पण जुन्या मैदानांत तो विरळा. खरा धोका कमी व्होल्टेजचा. दुपारी सगळ्यांचे एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्रेसर जळतो. व्होल्टेज पडलं की आपोआप तोडणारं संरक्षक यंत्र घ्या. साधी सर्ज पट्टी त्याला पर्याय नाही.

---

माहेरची_वाट (कोल्हापूर)

मी इथे बचत गटातल्या बायकांकडून गोधड्या शिवून घेते. तुमच्यासारख्यांना छोटी छोटी पार्सलं पाठवली तर तिथे विकाल का? आमच्या बायकांचं काम खरंच देखणं आहे.

---

सुईदोरा

फोटो नक्की पाठवा, बघायला आवडेल. पण छोट्या पार्सलांचा मार्ग आता बंद आहे. पूर्वी ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला आयातशुल्क नसायचं, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी काढली. शुल्काचे दरही अधूनमधून बदलतात, त्यामुळे माल पाठवण्याच्या आठवड्यात कस्टमच्या दलालाला विचारूनच भाव ठरवावा. एकदम मोठी पेटी मागवणं परवडतं, फुटकळ नाही. प्रत्येक नगावर धाग्याचा प्रकार, टक्केवारी आणि बनवलेला देश लिहिलेली पट्टी शिवलेली हवी, हे बायकांना आधीच सांगून ठेवा.

दुसरं, तयार गोधडीपेक्षा इथे शिकवणीला आणि संचाला मागणी जास्त. या बायका स्वतः शिवणाऱ्या आहेत, त्यांना दुसऱ्याची गोधडी विकत घेण्यापेक्षा तो टाका आपल्या हाताला यायला हवा असतो. तुमच्या गटातल्या बायकांनी टाक्यांचे नमुने एका हातभर कापडावर करून दिले, प्रत्येकीचं नाव आणि गाव लिहून, तर ते मी संचासोबत दाखवायला ठेवीन आणि विकत घेईन. त्यांच्या कामाची किंमत तुम्ही सांगा, मी त्यात कमी करायला सांगणार नाही.

---

रानमोगरा

अवांतर: वाटेत धान्याच्या कोठारांवर मोठे रंगीत चौकोन रंगवलेले दिसतात, ते काय?

---

सुईदोरा

अवांतर मुळीच नाही! ते बार्न क्विल्ट. ओहायोच्या ॲडम्स कौंटीत २००१ साली डॉना सू ग्रोव्ह्स यांनी आपल्या क्विल्ट शिवणाऱ्या आईच्या मानासाठी ही कल्पना काढली आणि ती देशभर पसरली. आता कित्येक कौंट्यांत त्यांचे मार्गच आखलेत. आणि कधी नेब्रास्कात लिंकनला गेलात तर तिथलं क्विल्टचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय चुकवू नका. १९९७ साली एका दांपत्याने दिलेल्या संग्रहातून ते उभं राहिलं, आणि आता साठाहून जास्त देशांतलं काम तिथे आहे. हातशिवणीला एवढ्या आदराने जपलेलं बघून माझे डोळे भरून आले होते. आपल्या आजीच्या गोधड्या आपण कशा वापरल्या आणि कशा टाकून दिल्या, ते तिथे उभं राहून फार आठवतं.

---

लाल_माती

ईएडीचा अर्ज केलाय, कार्ड आलं की पुढच्या वर्षी बघू. यंदा गिऱ्हाईक म्हणून जेफर्सनला येतो. सासूबाईंना सांगितलं, त्या आतापासूनच सुया काढून बसल्यात.

---

सुईदोरा

शिकागोहून दोन-अडीच तास, सकाळी लवकर निघा. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची प्रात्यक्षिकं असतील तर सासूबाईंना तीही दाखवा. वूस्टर किंवा ॲलेगनला गेलात तर घड्याळ एक तास पुढे असतं हे लक्षात ठेवा, जेफर्सनला आपलीच वेळ. स्टॉल शोधायला सोपा आहे, बाहेर निळीची गोधडी टांगलेली असते. संध्याकाळी थांबणार असाल तर आधी इथे कळवा, त्या हिशेबाने कणसं आणून ठेवते.